एक्स-रे, ‘स्कॅनिंग’, सीटी, एमआरआय : चिठ्ठी हातात पडल्यावर काय समजून घ्यायचं?

वडगाव (बेळगाव) : डॉक्टरांनी चिठ्ठीवर चार अक्षरं लिहून दिली की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, किती लागतील? दुसरा, रिपोर्ट कधी मिळणार? तपासणी नेमकी कसली, ती कशासाठी, जाताना उपाशी जायचं की पाणी पिऊन, हे विचारायचं राहूनच जातं. मग सेंटरवर पोहोचल्यावर ‘चहा घेतलाय? मग उद्या या’ असं ऐकून रिकाम्या हातानं परत यावं लागतं.

सीमाभागात त्यात शब्दांचा घोळ वेगळाच. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ‘स्कॅनिंग करून या’ म्हटलं की बहुतेक वेळा ती सोनोग्राफी असते. कोल्हापूर-मिरजेकडे ‘स्कॅन’ म्हटलं की समोरचा सीटी स्कॅन समजतो. जुनी माणसं तर एक्स-रेला अजून ‘फोटो’च म्हणतात. इथला पेशंट तिकडच्या डॉक्टरांना ‘पोटाचं स्कॅनिंग झालंय’ म्हणाला की दोघांच्या मनात दोन वेगळ्या तपासण्या असतात.

हे लिहिण्यामागं घरचा अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी आईच्या पोटदुखीसाठी आम्ही इथं सीटी स्कॅन करून घेतलं. आठवड्यानं कोल्हापूरला दाखवायला नेलं, तर पिशवीत फक्त रिपोर्टचा कागद. फिल्म आणि सीडी वडगावच्या कपाटात. परत येऊन आणायला वेळ नव्हता, त्यामुळं तिथं पुन्हा स्कॅन. पैसे दोनदा गेले आणि आईच्या शरीरात किरणंही दोनदा गेली. चूक कुणा दवाखान्याची नव्हती, माझी होती. उपचारासाठी बेळगाव, मिरज, कोल्हापूर, गोवा असं फिरणाऱ्या आपल्या लोकांवर ही वेळ कुणावरही येऊ शकते. म्हणून नेहमीच्या तपासण्यांची ही माहिती.

एक्स-रे : हाडं आणि छाती

जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथं ८ नोव्हेंबर १८९५ रोजी विल्हेल्म रॉन्टजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. डिसेंबरमध्ये त्यांनी पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढला. त्यात हाडांबरोबर बोटातली अंगठीही ठळक दिसते. सेंटरवर दागिने, लॉकेट, पिना काढायला सांगतात ते यासाठीच. धातूची सावली पडली की मागचं काही दिसत नाही.

मोडलेलं हाड, निखळलेला सांधा, छातीतला न्यूमोनिया, फुफ्फुसाभोवती साठलेलं पाणी यासाठी एक्स-रे ही पहिली तपासणी. उपाशी राहायची गरज नसते, दोन-पाच मिनिटांत काम होतं. मात्र स्नायू, अस्थिबंध, मणक्यातली गादी एक्स-रेत दिसत नाही. बारीक चीर पडलेलं हाड पहिल्या दिवशी निसटूही शकतं. ‘फोटोत काही नाही’ म्हटलं तरी दुखणं आठवड्यात कमी झालं नाही तर पुन्हा दाखवायला जावं.

निपाणी भागात तंबाखू-विडीच्या कामातल्या घरांसाठी मुद्दाम सांगायचं ते हे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर ‘धुळीचा आहे, जाईल’ म्हणून बसू नका. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी दोन्ही करून घ्या. एक्स-रेत डाग दिसला म्हणजे टीबीच असं ठरत नाही, त्याची खात्री थुंकीवरून होते. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात.

सोनोग्राफी : आपल्याकडचं ‘स्कॅनिंग’

यात किरणं नसतात. आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी शरीरात सोडतात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होतं. त्वचा आणि यंत्र यांच्यात हवा राहू नये म्हणून ती थंडगार जेली लावतात.

पित्ताशयातले खडे, लिव्हर, किडनी, गर्भाशय, प्रोस्टेट, थायरॉईड यासाठी सोनोग्राफी चांगली. तयारी मात्र भागाप्रमाणे बदलते. पोटाच्या वरच्या भागासाठी साधारण सहा ते आठ तास उपाशी राहायला सांगतात. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतले खडे नीट दिसत नाहीत. ओटीपोटाच्या तपासणीसाठी उलट, तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरायची. भरलेल्या मूत्राशयाआडून मागचे अवयव स्पष्ट दिसतात. दोन्ही एकदम असेल तर अन्न नाही, साधं पाणी चालेल का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. शुगरच्या पेशंटनं सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी.

हृदयाची ‘टू-डी इको’ आणि रक्तवाहिन्यांची ‘डॉपलर’ या सोनोग्राफीच्याच बहिणी. त्यातही किरणं नाहीत.

सोनोग्राफीची मर्यादा म्हणजे हवा आणि हाड. पोटात गॅस भरला असेल तर स्वादुपिंड झाकलं जातं. किडनीतून खाली उतरलेला खडा मध्येच नळीत अडकला असेल तर तो दिसेलच असं नाही. तेव्हा डॉक्टर साधं सीटी सांगतात. याचा अर्थ आधीचे पैसे वाया गेले असा नाही.

गरोदरपणात : कायदा दोन्हीकडे तोच

गरोदरपणात साधारण ११ ते १४ आठवड्यांत एक आणि १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या अवयवांची बारकाईनं पाहणी करणारी दुसरी सोनोग्राफी महत्त्वाची असते. दुसरी चुकवू नये. बाळात व्यंग असेल तर पुढचा निर्णय घ्यायला वेळ मिळतो तो तिच्यामुळंच.

सेंटरवर ओळखपत्र मागतात, ‘फॉर्म एफ’ भरून सही घेतात. ते गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यानुसार बंधनकारक आहे. महाराष्ट्रानं असा कायदा १९८८ मध्ये केला, देशाचा कायदा १९९४ चा आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. मुलगा की मुलगी हे शब्दानं, खुणेनं किंवा कोणत्याही पद्धतीनं सांगणं गुन्हा आहे. ते विचारणाऱ्या नवऱ्याला, नातेवाइकालाही पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘इकडं जमत नाही, हद्दीपलीकडं जमतं’ असं कुणी कानात सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये १९ भ्रूणांचे अवशेष सापडले होते. ते गाव कर्नाटकच्या हद्दीला लागून आहे, हे आपल्या भागानं विसरून चालणार नाही.

सीटी स्कॅन : वेळ कमी, माहिती जास्त

सीटी म्हणजे एक्स-रेच, पण शरीराभोवती गोल फिरून घेतलेले. संगणक त्यातून ब्रेडच्या स्लाइससारखे आडवे छेद तयार करतो. पहिला पेशंट १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये तपासला गेला. यंत्र बनवणारे गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांना १९७९ चं नोबेल मिळालं, अॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर.

डोक्याला मार, मेंदूतला रक्तस्राव, फुफ्फुसं, पोटातली गंभीर दुखणी, मूतखडा यात सीटीचा उपयोग मोठा. प्रत्यक्ष स्कॅनला काही मिनिटंच लागतात. हायवेवरच्या अपघातात आधी सीटी करतात ते या वेगामुळं.

लकव्याचंही तसंच. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय गळाला, बोलणं अडखळलं, तर थेट सीटीची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि मेंदूत रक्तस्राव नाही हे सीटीत पाहिल्याशिवाय ते देता येत नाही. पेशंट शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

चिठ्ठीवर ‘कॉन्ट्रास्ट’ लिहिलं असेल तर शिरेतून आयोडीनचं औषध देतात. त्यानं रक्तवाहिन्या आणि गाठी उठून दिसतात. औषध जाताना अंगात ऊब पसरते, लघवी झाल्यासारखं वाटतं. घाबरायचं कारण नाही. पण अंगाला खाज, पित्त उठणं किंवा दम लागणं झालं तर तिथल्या तिथं सांगा. आधी सांगायच्या गोष्टी अशा : किडनीचा त्रास, पूर्वी कुठल्या इंजेक्शनची अॅलर्जी, दमा, थायरॉईड, गरोदर असण्याची शक्यता. अशा वेळी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून यायला सांगतात. शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेत असाल तर तेही सांगा, पण ती आपल्या मनानं बंद करू नका.

एमआरआय : किरणं नाहीत, पण लोहचुंबक आहे

मणक्याची गादी, नसा, मेंदू, गुडघ्याचे अस्थिबंध यासाठी एमआरआय. यात क्ष-किरण नसतात, प्रचंड ताकदीचं चुंबक असतं. दवाखान्यातली बहुतेक यंत्रं १.५ किंवा ३ टेस्लाची. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ३० हजार पट. आणि हे चुंबक रात्रंदिवस चालू असतं. पेशंट आत नसला, आवाज येत नसला तरी.

२७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात काय झालं ते अनेकांना आठवत असेल. पेशंटबरोबर आलेला ३२ वर्षांचा नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. चुंबकानं सिलिंडरसकट त्याला खेचलं आणि त्याचा जीव गेला. दारावरचा माणूस ‘खिशात काय आहे’ असं तीनदा विचारतो तेव्हा चिडू नका.

मंगळसूत्र, जोडवी, नथ, केसातल्या पिना, साडीची सेफ्टी पिन, घड्याळ, चावी, मोबाईल, एटीएम कार्ड, कानातलं यंत्र, काढता येणारी कवळी, हे सगळं बाहेर ठेवायचं. दागिने घरीच ठेवून गेलेलं बरं. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, स्टेंट, हाडातला रॉड-प्लेट, तांबी यातलं काहीही असेल तर आधी सांगा. यातल्या बऱ्याच गोष्टींना आता अडचण येत नाही, पण ते ठरवायचं त्यांनी. ऑपरेशनचं कार्ड किंवा डिस्चार्जचा कागद बरोबर न्या.

उद्यमबागमधल्या फाउंड्रीत, लेथवर, ग्राइंडिंगवर काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पूर्वी कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता का? आत राहिलेला बारीक कण चुंबकानं हलला तर नजरेवर बेतू शकतं. शंका असेल तर आधी डोळ्याचा एक्स-रे काढतात.

तपासणीला २० ते ४५ मिनिटं लागतात, हलायचं नाही, आणि ठोके मारल्यासारखा आवाज येतो. कानात घालायला बोळे देतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच बोला. हातात बटण देतात, ते दाबलं की थांबवतात.

मॅमोग्राफी, डेक्सा, पेट

मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा कमी किरणांचा एक्स-रे. चाळिशीनंतर किंवा गाठ हाताला लागली तर डॉक्टर सांगतात. काही सेकंद दाब बसतो, थोडं दुखतं. पाळीनंतरच्या आठवड्यात केली तर त्रास कमी होतो. त्या दिवशी पावडर, डिओ लावू नये. त्याचे कण फिल्मवर पांढरे ठिपके म्हणून दिसतात. गाठ असूनही लाजेपोटी थांबणं सगळ्यात महागात पडतं.

डेक्सा हाडांचा ठिसूळपणा मोजते. पेट स्कॅन प्रामुख्यानं कॅन्सर किती पसरलाय ते पाहायला करतात. त्यात किरणोत्सारी साखर शिरेतून देतात, म्हणून उपाशी जायचं आणि शुगर आटोक्यात हवी. घरी आल्यावर काही तास लहान बाळं आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायला सांगतात, ते पाळा.

किरणांचा हिशेब

मी कॉमर्सचा माणूस, आकड्यात मांडलं की मला बरं समजतं. माती, खडक, आकाश, अन्न यातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलीसिव्हर्ट इतकी किरणं नैसर्गिकरीत्या मिळतातच. त्यासमोर छातीचा एक एक्स-रे ०.०२ ते ०.१, डोक्याचं सीटी साधारण २, छातीचं ६ च्या आसपास, पोटाचं ८ ते १०. सोनोग्राफी आणि एमआरआय शून्य.

म्हणजे एक्स-रेची भीती बाळगायचं कारण नाही, गरजेचं सीटीही टाळायचं नाही. पण ‘जाता जाता पूर्ण अंगाचं स्कॅन करून टाका’ हा हट्ट चुकीचा. लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच जपायचं. महाग तपासणी ती चांगली, असंही नाही. पित्ताशयाच्या खड्याला सोनोग्राफी बरी, गादी सरकली असेल तर एमआरआय, डोक्याला मार लागल्यावर सीटी.

एक्स-रे आणि सीटीच्या यंत्राला मुंबईतल्या परमाणु ऊर्जा नियामक परिषदेचा परवाना लागतो. तपासणी चालू असताना नातेवाइकांनी आत थांबू नये. मुलाला धरायला थांबावंच लागलं तर शिशाचा एप्रन मागून घ्यावा. गरोदर बाईनं थांबूच नये.

चिठ्ठीवरची अक्षरं

‘यूएसजी’ म्हणजे सोनोग्राफी. ‘सीएक्सआर पीए’ म्हणजे छातीचा एक्स-रे, किरणं पाठीकडून सोडून घेतलेला. ‘केयूबी’ म्हणजे किडनी, मूत्रनळी, मूत्राशय. ‘एलएस स्पाइन’ म्हणजे कंबरेचा मणका. ‘एनसीसीटी’ म्हणजे औषधाशिवाय सीटी, ‘सीईसीटी’ म्हणजे कॉन्ट्रास्ट देऊन. ‘एचआरसीटी’ म्हणजे फुफ्फुसांचं बारीक छेदांचं सीटी. कोविडच्या काळात हा शब्द घराघरात पोहोचला.

रिपोर्ट वाचताना

शेवटी ‘इम्प्रेशन’ म्हणून दोन-चार ओळी असतात, सार त्यातच. मधले शब्द गुगलवर टाकून रात्र जागवू नका. ‘फॅटी लिव्हर ग्रेड वन’, ‘सिम्पल सिस्ट’, ‘डिस्क बल्ज’ हे शब्द बऱ्याच लोकांच्या रिपोर्टमध्ये येतात. कंबर कधीही न दुखलेल्या माणसाच्या एमआरआयमध्येही डिस्क बल्ज दिसू शकतो. ‘क्लिनिकल कोरिलेशन’ म्हणजे चित्र आणि पेशंटचा त्रास जुळवून बघा, असा रिपोर्ट लिहिणाऱ्यानं तुमच्या डॉक्टरांना दिलेला निरोप. आणि ‘नॉर्मल’ म्हणजे या तपासणीत काही दिसलं नाही एवढंच. त्रास चालू असेल तर डॉक्टरांकडं परत जायचं.

हद्द ओलांडताना

पुढच्या दवाखान्यात जाताना तीन गोष्टी पिशवीत हव्यात : फिल्म, छापील रिपोर्ट आणि सीडी किंवा ऑनलाइन लिंक. सीडीत मूळ चित्रं असतात, दुसरा डॉक्टर ती मोठी करून पाहू शकतो. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फिल्मचा मोबाईल फोटो त्याची जागा घेऊ शकत नाही. जुन्या फिल्मही टाकू नका. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे जुन्याशी ताडूनच कळतं. फिल्म उन्हात किंवा ओलीत ठेवू नये, घडी घालू नये. १४ अंकी ‘आभा’ नंबर काढला असेल तर रिपोर्ट त्याला जोडून घ्या. तो देशभर एकच असतो.

संमतीचा कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असला आणि वाचता येत नसला तर सही करण्याआधी ‘मराठीत सांगा’ म्हणून मागा. त्यात लाज नाही. कॉन्ट्रास्टची अॅलर्जी, किडनी, गरोदरपण हे प्रश्न त्याच कागदावर असतात. न समजता ‘नाही’वर खूण केली तर धोका आपल्यालाच.

पैशांचं म्हणाल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक किंवा महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः भरती झालेल्या पेशंटच्या उपचारासाठी आहेत. नुसतं बाहेरून येऊन स्कॅन केलं तर ते त्यात बसेलच असं नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना लागू करण्याचा निर्णय महाराष्ट्रानं घेतला, कर्नाटकनं त्याला हरकत घेतली, हा वाद वाचकांना माहीतच आहे. म्हणून कोणत्याही बाजूला जा, पैसे भरण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला कार्ड दाखवून विचारा. घाई नसेल तर सरकारी दवाखान्यातही चौकशी करा. बेळगावात बिम्स, कोल्हापुरात सीपीआर, गोव्यात बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज.

आमच्या घरी आता कपाटात एक जाड फाइल आहे. वर आईचं नाव, आत तारखेप्रमाणे लावलेल्या फिल्म, पहिल्या पानावर अॅलर्जी, ऑपरेशन आणि चालू गोळ्यांची यादी. कुठंही जाताना आधी ती पिशवीत पडते, मग डबा. बँकेचं पासबुक जपतो तसंच हेही जपायचं. त्या कोल्हापूरच्या फेरीनंतर आईचं एकही स्कॅन पुन्हा करावं लागलेलं नाही.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. कोणती तपासणी करायची आणि तयारी काय, हे आपल्या डॉक्टरांना आणि संबंधित सेंटरला विचारूनच ठरवावं.)